बॉब लाझार यांची साक्ष : एक चिकित्सा

मे १९८९मध्ये अमेरिकेतील लास व्हेगासच्या केएलएएस दूरचित्रवाणी केंद्रावर ‘डेनिस’ या टोपणनावाने, चेहरा लपवून एक गृहस्थ बोलले. नोव्हेंबरमध्ये तेच गृहस्थ स्वतःच्या नावानिशी समोर आले : बॉब लाझार. नेवाडाच्या वाळवंटात, ग्रूम लेकच्या दक्षिणेस ‘एस-फोर’ नावाच्या गुप्त तळावर परग्रहावरील नऊ तबकड्या आहेत आणि त्यांपैकी एकीच्या चालनयंत्रणेचा उलगडा करण्याचे काम आपल्याकडे होते, असे त्यांनी पत्रकार जॉर्ज नॅप यांना सांगितले.

अशी साक्ष हसण्यावारी नेणे सोपे. भारावून स्वीकारणे त्याहून सोपे. अभ्यासकाला मात्र बखर वाचताना विचारायचे तेच प्रश्न येथे विचारावे लागतात : सांगणारा कोण, त्याला हे कळले कसे आणि स्वतंत्र आधार कोणता?

पहिल्याच प्रश्नाशी अडचण येते. आपण एमआयटी आणि कॅलटेक येथे शिकलो, असे लाझार सांगतात. अणुभौतिकशास्त्रज्ञ स्टँटन फ्रीडमन यांना चौकशीत दोन्हीकडे नोंद आढळली नाही. परग्रहवासी पृथ्वीवर येतात, असे फ्रीडमन स्वतः मानत. म्हणून त्यांचा नकार अधिक वजनदार ठरतो. ‘सरकारने नोंदी पुसल्या’ हे यावरचे उत्तर. पण दप्तर पुसले तरी सहाध्यायी, अध्यापक आणि प्रबंध यांचा माग कसा पुसणार?

लाझार यांच्या बाजूचा पुरावाही मांडला पाहिजे. लॉस अलामॉस प्रयोगशाळेच्या दूरध्वनी-सूचीत त्यांचे नाव आहे. त्यांच्या जेट इंजिनाच्या मोटारीविषयीच्या १९८२मधील एका स्थानिक बातमीत त्यांना तेथील भौतिकशास्त्रज्ञ म्हटले आहे. परंतु सूचीत नावापुढे बाहेरच्या कंत्राटदार कंपनीची खूण आहे. तेथे त्यांचा वावर होता, एवढेच यातून निघते. शास्त्रज्ञाचे पद नव्हे.

तबकडीचे इंधन ‘मूलद्रव्य ११५’ असल्याचे ते म्हणाले होते. २००३मध्ये रशियातील दुबना येथे हे मूलद्रव्य खरोखर निर्माण करण्यात आले. २०१६मध्ये त्याचे नाव मॉस्कोव्हियम ठरले. समर्थकांना यात भाकीत खरे ठरल्याचा आनंद झाला. पण आवर्तसारणीत ती जागा ठरलेलीच होती आणि १९८९पूर्वी शास्त्रज्ञ १०९व्या मूलद्रव्यापर्यंत पोहोचले होते. शिवाय लाझार यांचे इंधन स्थिर होते; मॉस्कोव्हियमच्या आजवर ज्ञात समस्थानिकांचे अर्धायुष्य एका सेकंदाहूनही कमी आहे.

२०१३मध्ये सीआयएच्या खुल्या झालेल्या कागदपत्रांनी ‘एरिया ५१’चे अस्तित्व मान्य केले, तेही यू-टू हेरविमानांच्या संदर्भात. तेथे गुपित होते, हे खरे; कोणते, हे लाझार यांच्या शब्दावरून ठरत नाही. एक विधान खरे निघाले म्हणून ते शेजारच्या विधानाला जामीन राहत नाही.

सत्तेची गुपिते फोडणाऱ्या खऱ्या साक्षीदारालाही कागद दाखवणे कठीण जाते, हे विसरून चालणार नाही. मात्र म्हणून कसोटी सैल केली, तर पहिला तोटा त्याचाच होतो. कागद नसणे हाच पुरावा मानला की त्याच्यात आणि कल्पित कथा सांगणाऱ्यात फरक करण्याचे साधनच आपल्या हाती उरत नाही.