चंद्रपूर पाहायचं तर काय काय पाहावं? परकोट, समाध्या आणि तुरुंगातला पिंपळ

मूल किंवा सावलीकडचा माणूस चंद्रपूरला जातो तो बहुतेकदा कामासाठी. दवाखाना, कोर्ट, कलेक्टर ऑफिस, नाहीतर खरेदी. जटपुरा गेटमधून गाडी काढताना वर बघायला कुणाला सवड नसते. पण हे गेट म्हणजे गोंड राजांच्या राजधानीचा दरवाजा आहे. मूलहून चंद्रपूर साधारण ४५ किलोमीटर. सकाळी निघालं तर ही राजधानी एका दिवसात पाहून होते.

परकोट : चार दरवाजे, पाच खिडक्या

गोंड राजा खांडक्या बल्लाळशाह याने बल्लारपूरहून राजधानी इथे आणली, असं सांगितलं जातं. शहराभोवतीचा परकोट पुढे काही पिढ्या बांधला जात होता. त्याची लांबी सुमारे ११ किलोमीटर आहे. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा हे चार दरवाजे. बगड, हनुमान, विठोबा, चोर आणि मसण या पाच खिडक्या, म्हणजे लहान दरवाजे. दरवाज्यावर हत्तीला नमवणारा सिंह कोरलेला दिसेल. ते गोंड राजांचं राजचिन्ह.

१७५१ मध्ये चांदा नागपूरकर भोसल्यांकडे गेलं. १८१८ मध्ये इंग्रजांनी लढून किल्ला घेतला.

राजांच्या समाध्या आणि महाकाली

अंचलेश्वर गेटजवळ अंचलेश्वराचं मंदिर आणि राजघराण्याच्या समाध्या आहेत. त्यात सगळ्यांत भव्य समाधी बीरशाहची. ती बांधली त्याची राणी हिराई हिने. नवऱ्याच्या खुनानंतर तिने दत्तक मुलाच्या नावाने राज्यकारभारही सांभाळला.

जवळच महाकाली मंदिर आहे. चैत्रातल्या यात्रेला मराठवाडा आणि तेलंगणातून भाविक येतात. आधी झरपट नदीत अंघोळ, मग देवीचं दर्शन. गर्दी टाळायची असेल तर चैत्र सोडून जावं. तसंही तेव्हा चंद्रपूरचं ऊन सोसत नाही.

वेळ उरला तर लालपेठला जावं. तिथे उघड्यावर अखंड दगडातल्या प्रचंड मूर्ती आहेत. लोक जिला रावण म्हणतात, ती दहा तोंडांची मूर्ती त्यातच सापडेल.

तुरुंगातला पिंपळ

मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव शेडमाके यांनी १८५८ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठाव केला. त्यांच्या ‘जंगोम दला’त गोंड आणि इतर तरुण होते. अडपल्ली-घोटचे व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. एप्रिलमध्ये चिंचगुंडी इथे तारखात्याच्या तळावर हल्ला झाला, त्यात गार्टलँड आणि हॉल हे दोघे मारले गेले. बाबुराव इंग्रजांना सापडेनात. शेवटी डेप्युटी कमिशनर क्रिक्टन याने अहेरीच्या जमीनदारीणबाईंवर दबाव आणला आणि त्यांच्या माणसांकरवी बाबुराव पकडले गेले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिली. तेव्हा ते २५ वर्षांचे होते.

राजांना दगडी समाध्या मिळाल्या. बाबुरावांची आठवण मात्र तुरुंगाच्या आवारातल्या पिंपळाशी जोडलेली आहे. हा तुरुंग आजही चालू आहे, त्यामुळे मनात आलं आणि आत गेलं असं होत नाही. दरवर्षी २१ ऑक्टोबरला शहीद दिनी आदिवासी समाज मोठ्या संख्येने इथे अभिवादनाला येतो. १२ मार्च २००९ रोजी, त्यांच्या जयंतीला, टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढलं.

दीक्षाभूमी

नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपुरात दीक्षा दिली. डॉ. आंबेडकर महाविद्यालयाच्या परिसरातली ही दीक्षाभूमी आहे. १६ आणि २१ ऑक्टोबर या दोन तारखांमुळे चंद्रपूर समजून घ्यायला ऑक्टोबरसारखा महिना नाही.

जाताना काय लक्षात ठेवावं?

समाध्या आणि परकोट संरक्षित स्मारकं आहेत. तरीही परकोटावर झाडंझुडपं माजली होती, कचरा साचला होता. २०१७ मध्ये ‘इको-प्रो’ या स्थानिक संस्थेच्या तरुणांनी शेकडो दिवस राबून बुरूज मोकळे केले. पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्याचा उल्लेख केला. साफ झालेला बुरूज पुन्हा झुडपात जायला दोन पावसाळे पुरतात. लोकांची ये-जा राहिली, तरच तो मोकळा राहतो.

परतताना मूलचा रस्ता जंगलातून जातो. रात्री वन्यप्राणी रस्त्यावर येतात, म्हणून अंधार पडायच्या आत निघालेलं बरं.