सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स : उघड्या दाराचा पॅरिश

लंडनच्या ट्रफाल्गर चौकाच्या ईशान्य कोपऱ्यावर सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स हे अँग्लिकन चर्च उभे आहे. एका बाजूला नॅशनल गॅलरी, रस्त्यापलीकडे साउथ आफ्रिका हाउस आणि काही पावलांवर चेरिंग क्रॉस स्थानक. बकिंगहॅम राजवाडा याच पॅरिशच्या हद्दीत येतो, आणि रात्र उघड्यावर काढणारी माणसेही याच चर्चच्या पायऱ्यांशी येतात. सर्वांना सामावून घेणारी मंडळी म्हणून या चर्चचे नाव आज जगभर घेतले जाते. ही ओळख त्याला पहिल्यापासून नव्हती. पॅरिशचा माणूस कोण आणि परका कोण, या प्रश्नाला या चर्चने प्रत्येक काळात निराळे उत्तर दिले आणि त्या उत्तराप्रमाणे तिथली उपासनाही बदलत गेली.

चर्चचा पहिला लेखी उल्लेख 1222 सालचा आहे, आणि तो एका भांडणाचा आहे. चर्चवर ताबा वेस्टमिन्स्टर ॲबीचा की लंडनच्या बिशपचा, हा तो वाद. कँटरबरीच्या आर्चबिशपने ॲबीच्या बाजूने निकाल दिला. तेव्हा हे ठिकाण लंडन शहर आणि वेस्टमिन्स्टर यांच्या मधल्या शेतांत होते, म्हणून नावात शेते आली. जागेची वहिवाट मात्र त्याहून फार जुनी. 2006 मध्ये इथे खोदकाम चालू असताना इ.स. 410 च्या सुमाराची, रोमन काळाच्या अखेरची दगडी शवपेटी सापडली. चर्चला नाव मिळाले ते चौथ्या शतकातल्या संत मार्टिनचे. सैन्यात असताना त्याने थंडीने कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला झगा तलवारीने कापून अर्धा दिला, अशी आख्यायिका आहे.

आठव्या हेन्रीने 1542 मध्ये चर्च नव्याने बांधले आणि पॅरिशची हद्द वाढवली. त्यामागे दयाभाव फारसा नव्हता. प्लेगने मेलेल्यांच्या अंत्ययात्रा आपल्या व्हाइटहॉल राजवाड्याजवळून जाऊ नयेत, अशी त्याची इच्छा होती.

आजची इमारत जेम्स गिब्जची. ॲबर्डीनच्या कॅथलिक घरातला हा तरुण धर्मगुरू होण्यासाठी रोमला गेला आणि तिथे कार्लो फोंताना यांच्या हाताखाली वास्तुकला शिकून परतला. 1720 च्या कायद्याने बांधकामासाठी पॅरिशमधल्या रहिवाशांवर कर बसवायला परवानगी मिळाली. गिब्जने आधी गोल चर्चचा आराखडा दिला होता, पण तो महाग म्हणून नाकारला गेला. 1722 मध्ये पायाभरणी झाली आणि 1726 मध्ये चर्चचे समर्पण. खर्च 33 हजार पौंडांच्या वर गेला. ग्रीक-रोमन मंदिरासारखी स्तंभांची दर्शनी ओसरी आणि तिच्या मागून छतातून वर निघालेला उंच मनोरा, ही जोडणी तेव्हाच्या टीकाकारांना विजोड वाटली. गिब्जने 1728 मध्ये आपले आराखडे ग्रंथरूपाने छापले आणि पुढच्या शतकभरात तीच जोडणी अमेरिकेतल्या गावोगावच्या चर्चांनी उचलली. चेन्नईच्या एग्मोर भागातले सेंट अँड्र्यूज चर्चही याच घराण्यातले.

आतली रचना त्या काळच्या समाजाचा नकाशाच होती. वेदीच्या एका अंगाला वरच्या बाजूस राजघराण्याची बैठक, दुसऱ्या अंगाला नौदलाच्या अधिकाऱ्यांची, आणि मधल्या कमानीवर राजचिन्ह. ऑर्गन पहिल्या जॉर्जने दिला होता. प्रार्थना 1662 च्या प्रार्थनापुस्तकाप्रमाणे होई आणि कोणी कुठे बसायचे हे ज्याच्या त्याच्या पायरीवरून ठरे.

पॅरिश हा शब्द आज उपासनेशी जोडला जातो. अठराव्या शतकात तो कारभाराचाही होता. गरिबांना मदत देणे पॅरिशला कायद्याने बंधनकारक होते, पण ती फक्त आपल्या पॅरिशच्या गरिबांना. म्हणून मदत मागायला आलेल्याला दोन न्यायाधीशांसमोर शपथेवर आपला सगळा जन्म सांगावा लागे. जन्म कुठे झाला, उमेदवारी कोणाकडे केली, एकाच घरी सलग वर्षभर नोकरी केली का, वर्षाला दहा पौंड भाड्याची जागा कधी घेतली होती का. विवाहितेला नवऱ्याचा पॅरिश लागू होई. अनौरस मूल मात्र जिथे जन्मेल त्या पॅरिशचे, त्यामुळे दिवस भरत आलेल्या एकट्या बाईला हद्दीबाहेर घालवण्याची घाई इंग्लंडभर चाले. हक्क सिद्ध झाला नाही तर माणसाची रवानगी त्याच्या मूळ पॅरिशमध्ये होई. सेंट मार्टिनच्या पॅरिशमधल्या अशा जबान्यांची दप्तरे शिल्लक आहेत. मोलकरणी, सैनिकांच्या बायका, उमेदवारी अर्धवट सोडलेले कारागीर यांची आयुष्ये इतक्या जवळून दाखवणारी साधने थोडीच आहेत. ज्यांचा हक्क मान्य होई त्यांच्यासाठी 1725 मध्ये चर्चजवळच पॅरिशचे वर्कहाउस, म्हणजे गरिबांना आसरा देऊन काम करून घेणारे घर, उघडले. आज त्या जागेवर नॅशनल पोर्ट्रेट गॅलरी आहे.

एकोणिसाव्या शतकात आजूबाजूची दाटीवाटीची घरे पाडून ट्रफाल्गर चौक मोकळा करण्यात आला. गरिबांचा कारभार हळूहळू पॅरिशच्या हातून गेला, तळघरातले दफन बंद झाले आणि रहिवासीही पांगले. राहिले ते एक देखणे, अर्धे रिकामे चर्च.

ते पुन्हा भरले डिक शेपर्ड यांच्या काळात. फ्रान्समध्ये काही काळ युद्धभूमीवर पाद्री म्हणून राहून आलेले शेपर्ड नोव्हेंबर 1914 मध्ये इथले व्हिकर, म्हणजे पॅरिशचे प्रमुख धर्मगुरू, झाले. चेरिंग क्रॉसवरून रोज सैनिकांच्या गाड्या आघाडीकडे सुटत होत्या आणि जखमींना घेऊन परत येत होत्या. रात्री-अपरात्री गाडीची वाट पाहणाऱ्या सैनिकाला लंडनमध्ये बसायलाही जागा नसे. शेपर्ड यांनी चर्चची दारे दिवसरात्र उघडी ठेवली. सैनिक बाकांवर झोपत, पत्रे लिहीत, कोणी प्रार्थना करीत, कोणी करीत नसत. कोण कुठल्या पंथाचा, बाप्तिस्मा झाला आहे की नाही, हे कोणी विचारीत नसे. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी याच पॅरिशमध्ये शपथेवर जबानी घेतली जात होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या मुकाट्याने दिलेल्या आसऱ्याचे मोल कळते. युद्ध संपल्यावर सैनिक गेले, त्यांच्या जागी बेकार आणि बेघर आले, आणि दार तसेच उघडे राहिले. शेपर्ड यांनी उपासना आटोपशीर केली आणि प्रवचनाची भाषा साधी, बोलण्यातली ठेवली.

6 जानेवारी 1924 रोजी बीबीसीने सेंट मार्टिनमधली उपासना प्रसारित केली. चर्चमधून थेट प्रसारित झालेली ब्रिटनमधली ती पहिली उपासना. आदल्याच वर्षी वेस्टमिन्स्टर ॲबीने राजपुत्राच्या लग्नाचे प्रसारण नाकारले होते. लोक दारूच्या गुत्त्यात, डोक्यावरची टोपीही न काढता ऐकतील, अशी तिथल्यांना धास्ती होती. शेपर्ड यांना अशाच श्रोत्यापर्यंत पोचायचे होते. अंथरुणाला खिळलेले, एकटे पडलेले, चर्चची पायरी वर्षानुवर्षे न चढलेले लोक या पॅरिशचे झाले आणि पॅरिशची हद्द नकाशावरून पुसली गेली. गरजूंसाठी रेडिओवरून दर नाताळात होणारे मदतीचे आवाहनही त्याच दशकात रुजले. ते आजही होते. दम्याने खंगलेल्या शेपर्ड यांनी 1926 मध्ये पद सोडले. पुढे ते युद्धविरोधी चळवळीचे पुढारी झाले.

दुसऱ्या महायुद्धात तळघर हवाई हल्ल्यांतला निवारा बनले. 1948 पासून बेघरांच्या मदतीसाठी चर्चमध्ये स्वतंत्र विभाग सुरू झाला. ‘शेल्टर’ ही घरांच्या प्रश्नावर लढणारी संस्था 1 डिसेंबर 1966 रोजी इथूनच जाहीर झाली. मानवी हक्कांसाठी लढणाऱ्या ॲम्नेस्टी या संघटनेची काटेरी तारेतली मेणबत्ती पहिल्यांदा लागली तीही 10 डिसेंबर 1961 रोजी याच चर्चमध्ये.

उपासनेतली विविधताही याच काळातली. 1960 च्या दशकात इथे चिनी मंडळी जमू लागली आणि कँटोनीज व मँडरिन भाषांतल्या उपासना पॅरिशच्या क्रमात आल्या. नेव्हिल मॅरिनर यांच्या वाद्यवृंदाने नोव्हेंबर 1959 मध्ये पहिला कार्यक्रम इथे केला आणि चर्चचेच नाव घेतले. शरद ऋतूतल्या सुगीच्या उपासनेला लंडनचे ‘मोतीराजे’ आणि ‘मोतीराण्या’ येतात. फेरीवाल्यांच्या परंपरेतली ही कष्टकरी माणसे. कपड्यांवर शिंपल्याच्या शेकडो गुंड्या शिवलेल्या असतात आणि धर्मादाय कामांसाठी ती निधी गोळा करतात. बुधवारी संध्याकाळचे प्रभुभोजन अनौपचारिक असते, तर रविवारचे गायकवृंदासह. दर नोव्हेंबरमध्ये एक उपासना वर्षभरात वारलेल्या बेघरांसाठी होते. तीत प्रत्येकाचे नाव मोठ्याने वाचले जाते. काहींचे फक्त पहिले नाव किंवा टोपणनावच ठाऊक असते, तेही तितक्याच आदराने वाचतात. राजघराण्याच्या बैठकीखाली ही नावे घुमतात, याहून मोठा बदल या वास्तूने पाहिलेला नाही.

1980 च्या दशकात तळघरात उपाहारगृह आणि दुकान सुरू झाले. मैफलींची तिकिटे आणि उपाहारगृहाचा नफा यांवर चर्चचा बराच खर्च चालतो. 2006 ते 2008 दरम्यान 3 कोटी 60 लाख पौंड उभे करून वास्तूचे नूतनीकरण झाले. पूर्वेच्या खिडकीची जुनी रंगीत काच महायुद्धात गेली होती. तिथे इराणमध्ये जन्मलेल्या शिराझेह हुशियारी यांनी पांढऱ्या काचेची खिडकी घडवली. पोलादी जाळीच्या रेषा मध्याशी वाकत जातात आणि त्यातून क्रूस उमटतो. 2020 च्या महासाथीत उपाहारगृह आणि मैफली बंद पडल्या, उत्पन्न आटले आणि अनेकांच्या नोकऱ्या गेल्या.

रविवारी दुपारी परदेशांतून आलेल्या अशा लोकांसाठी जेवण असते, ज्यांना ब्रिटनच्या कायद्याने सरकारी मदत मिळत नाही. जबानी घेण्याचे काम आता शासनाकडे गेले आहे आणि तिथे नाकारलेले लोक पॅरिशच्या पंगतीला येतात. अपंगत्व आणि श्रद्धा या विषयावर इथे वार्षिक परिषद भरते, तिच्या आखणीत अपंग व्यक्तीच पुढे असतात. ‘इन्क्लूझिव्ह चर्च’ या 2003 मध्ये सुरू झालेल्या संघटनेशी मिळून हे काम चालते. ही संघटना उभी राहण्याचे निमित्त होते एका समलिंगी धर्मगुरूची बिशपपदावरची नेमणूक मागे घेतली जाण्याचे. समलिंगी व्यक्तींच्या प्रश्नात कोणत्याही एका पॅरिशचे हात पूर्ण मोकळे नाहीत. समलिंगी विवाहाच्या 2013 च्या कायद्यातून चर्च ऑफ इंग्लंड वगळले गेले. डिसेंबर 2023 पासून नेहमीच्या उपासनेत समलिंगी जोडप्यांसाठी आशीर्वादाच्या प्रार्थना म्हणता येऊ लागल्या, पण त्यांचा विवाह मात्र चर्चमध्ये लावता येत नाही.