काचेआडची सनद

प्रॉव्हिडन्सच्या विधानभवनात एक जुनी सनद काचेआड जपून ठेवली आहे. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने ती १६६३ साली ऱ्होड आयलंडला दिली. राज्य केवढेसे, तर नुसती जमीन मोजली तर आपल्या गोव्याहूनही लहान. अमेरिकेच्या पन्नास राज्यांत सगळ्यांत छोटे. पण या एका कागदावर त्याने एकशे ऐंशी वर्षे कारभार हाकला, आणि शेवटी त्याच कागदापायी घरच्यांनीच घरच्यांवर तोफा रोखल्या.

राज्याची सुरुवात हाकलून दिलेल्यांनी केली. सरकारने कुणाच्या श्रद्धेत नाक खुपसू नये आणि मूळ रहिवाशांची जमीन राजाने परस्पर वाटू नये, असे रॉजर विल्यम्स हा धर्मोपदेशक मॅसॅच्युसेट्समध्ये उघड बोलत असे. १६३५ मध्ये त्याला हद्दपार करण्यात आले. ऐन हिवाळ्यात तो दक्षिणेकडे निघाला आणि १६३६ मध्ये नॅरॅगन्सेट जमातीच्या प्रमुखांकडून जागा मिळवून त्याने प्रॉव्हिडन्स वसवले. त्यांची भाषा तो शिकला; तिच्यावरचे त्याचे पुस्तक १६४३ मध्ये लंडनला छापून निघाले. पाठोपाठ अ‍ॅन हचिन्सन आणि तिचे सोबती आले, तेही मॅसॅच्युसेट्सने घालवलेलेच. मग क्वेकर पंथाचे लोक आले, ज्यू आले. शेजारच्या वसाहतींनी नाव पाडले, ‘लुच्च्यांचे बेट’.

वसाहतीचा प्रतिनिधी जॉन क्लार्क याने लंडनमध्ये वर्षानुवर्षे तळ ठोकून मिळवलेल्या सनदेने या लुच्च्यांना धर्मस्वातंत्र्य दिले आणि गव्हर्नरही स्वतः निवडण्याचा हक्क दिला. त्या काळात एका राजाच्या सहीने हे मिळावे, याचे मला अजून नवल वाटते. जमीन देणाऱ्यांच्या वाट्याला मात्र वेगळेच आले. डिसेंबर १६७५ मध्ये शेजारच्या वसाहतींच्या फौजेने दलदलीतला नॅरॅगन्सेटांचा किल्ला जाळला. पुढच्या मार्चमध्ये नॅरॅगन्सेटांनी प्रॉव्हिडन्स जाळले.

या स्वातंत्र्यप्रेमी लोकांचा पैसा कुठून आला, हे विचारावेच लागते. न्यूपोर्ट आणि ब्रिस्टलहून रमची पिंपे भरलेली जहाजे आफ्रिकेला जात, तिथे रमच्या बदल्यात माणसे घेत, ती कॅरिबियन बेटांवर विकत आणि रम गाळायला काकवी घेऊन परतत. उत्तर अमेरिकेतून निघालेल्या गुलामवाहू सफरींपैकी निम्म्याहून अधिक या चिमुकल्या किनाऱ्यावरच्या. प्रॉव्हिडन्सच्या ब्राउन या व्यापारी घराण्यात तर गुलामव्यापारावरचा वाद एकाच उंबऱ्याच्या आत होता. मोझेस क्वेकर झाला, त्याने आपले गुलाम मुक्त केले. भाऊ जॉन या व्यापाराची बाजू अखेरपर्यंत लढवत राहिला, त्यासाठी १७९७ मध्ये खटल्यालाही सामोरा गेला. त्याच मोझेसच्या पाठबळावर सॅम्युएल स्लेटरने १७९० मध्ये पॉटकेटला पाण्याच्या जोरावर सूत काढले आणि अमेरिकेत गिरण्यांचे युग सुरू झाले. गिरण्यांना लागणारा कापूस गुलामांच्याच हातून यायचा, ही गोष्ट वेगळी.

राजाशी नाते तोडायला ऱ्होड आयलंड सगळ्यांच्या पुढे होते, ४ मे १७७६ रोजीच. संघराज्यात शिरताना मात्र सगळ्यांच्या मागे. १७८७ च्या घटना परिषदेला त्याने प्रतिनिधीच धाडला नाही. अमेरिकी सिनेटने व्यापारात कोंडी करण्याची धमकी दिल्यावर २९ मे १७९० रोजी घटना मान्य झाली, तीही ३४ विरुद्ध ३२ मतांनी.

बाकी राज्यांनी नव्या घटना लिहिल्या. इथे राजाची सनदच चालू राहिली. मतदानाला १३४ डॉलरची जमीन हवी. गिरणीकामगाराकडे ती कुठली? थॉमस डॉर या वकिलाने १८४१ मध्ये समांतर घटना लिहवून घेतली, पुढच्या वर्षी समर्थकांनी त्याला गव्हर्नर निवडले आणि एकाच राज्याला दोन गव्हर्नर झाले. मे महिन्यात डॉरच्या माणसांनी प्रॉव्हिडन्सच्या शस्त्रागारावर तोफा रोखल्या. त्या उडाल्याच नाहीत. पुढे डॉरला जन्मठेप झाली, वर्षभरात सुटकाही झाली. पण १८४३ मध्ये नवी घटना लागू झाली आणि सनदेचा अंमल संपला.

सनदेतले नाव मात्र टिकले होते. ‘ऱ्होड आयलंड आणि प्रॉव्हिडन्स प्लँटेशन्स’ हेच अधिकृत नाव. सतराव्या शतकात प्लँटेशन म्हणजे नुसती वसाहत. नंतर तो शब्द ऐकला की गुलामांचे मळे आठवू लागले. २०१० मध्ये मतदारांनी नावातला हा भाग गाळण्याचा बदल मोठ्या फरकाने फेटाळला. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये मात्र तो मान्य केला. काचेआडच्या कागदावर अर्थातच जुने नाव अजून पूर्ण आहे.