घोडें बदलण्याचा टप्पा

बदलापूर या नांवाची एक व्युत्पत्ति त्या बाजूचे लोक मोठ्या हौसेनें सांगतात. पूर्वीं लांबचा पल्ला गांठणारे स्वार येथें उतरत, दमलेलें घोडें सोडीत आणि ताजें घोडें घेऊन पुढची वाट धरीत. म्हणून हें बदलापूर. ही व्युत्पत्ति खरी कीं लोकांनीं मागाहून जुळविलेली, या वादांत आम्ही शिरत नाहीं. तिच्यांतील कल्पना मात्र विचार करण्याजोगी आहे. खरवई हें याच बदलापुराच्या पूर्व बाजूचें गांव. तेथें आज औद्योगिक वसाहत आहे. काम सुटलेला मनुष्य तेथील कारखान्यांच्या फाटकांवरून हिंडतो, तेव्हां त्याच्या मनांतहि तोच प्रश्न असतो: जुनेंच काम धुंडाळीत राहावें, कीं घोडें बदलावें?

बलुतेदारीच्या काळांत हा प्रश्न फारसा उद्भवत नसे. सुताराचा मुलगा सुतार, कुंभाराचा मुलगा कुंभार. धंदा जन्माबरोबर ठरे आणि वर्षाचें बलुतेंहि त्याबरोबर बांधलेलें असे. पुढें आगगाडी १८५४ सालीं कल्याणास पोंचली व १८५६ मध्यें बदलापुरावरून खोपोलीपर्यंत गेली. या खोऱ्यांतील माणसास रोजगारासाठीं मुंबईची वाट मोकळी झाली. वेतनाची सोय झाली. पण वेतन बंद पडणें म्हणजे काय, याचीहि ओळख त्याच वाटेनें झाली.

या प्रश्नाची सर्वांत मोठी परीक्षा बदलापुरापासून थोड्याच अंतरावर झाली. १९४७ च्या फाळणीमुळें सिंध सोडून आलेल्या सुमारें एक लाख निर्वासितांस कल्याणजवळच्या लष्करी छावणींत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें त्या वसाहतीचें उल्हासनगर असें नामकरण झालें. निर्वासितांत अमील होते. त्यांचे पूर्वज तालपूर मीरांच्या दरबारीं फारसीच्या बळावर लेखणी चालवीत. १८४३ त इंग्रजांनीं सिंध जिंकल्यावर त्यांनीं इंग्रजी शिकून सरकारी नोकऱ्या धरल्या. भाईबंद व्यापारी होते. त्यांच्या पेढ्या समुद्रापलीकडेहि पसरल्या होत्या. छावणींत मात्र ना कचेरी, ना पेढी. कोणी घरीं पापड लाटले, कोणी आगगाडींत फिरून किरकोळ जिन्नस विकले, कोणी शिवणयंत्र मांडलें. पुढें त्याच बराकींच्या आसपास लांकडी सामान व तयार कपडे यांचे कारखाने उभे राहिले.

येथें एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. या लोकांनीं विक्रीचा माल बदलला. हिशेब, उधारीची पारख आणि गिऱ्हाइकाशीं बोलण्याची रीत बदलली नाहीं. घोडें नवें, स्वार जुनाच. शिवाय बराकीचें कां होईना, डोक्यावर छप्पर होतें. आरंभीं शिधाहि मिळे. युद्धांतून परतलेल्या सैनिकांसाठीं १९४५ त निघालेल्या रोजगार-कचेऱ्या १९४८ पासून सर्वांस खुल्या झाल्या होत्या. म्हणजे नवें घोडें मिळेपर्यंत उभें राहण्यास टप्पा होता. सर्वांसच तें साधलें असें नव्हे. उतारवयांत नवा धंदा शिकणें किती कठीण, हें सांगावयास नकोच.

उलट उदाहरण मुंबईच्या गिरण्यांचें. १८ जानेवारी १९८२ रोजीं दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं सुमारें अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागें घेतलाच गेला नाहीं. गिरण्या मात्र एकामागून एक मिटत गेल्या. साच्यावर तयार झालेला हात भिवंडीच्या यंत्रमागांवर गेला तर मजुरी तुटपुंजी. भाजीच्या टोपलीकडे किंवा पहारेकऱ्याच्या काठीकडे वळला तर आयुष्यभराची कारागिरी वायां. हे लोक आळशी होते काय? मुळींच नाहीं. त्यांना थांबण्यास टप्पा नव्हता. पगार बंद झाला त्या दिवसापासून वाण्याची उधारी चढूं लागते. अशा माणसास हातीं येईल तें पत्करावें लागतें, निवड करतां येत नाहीं.

म्हणून बेकार माणसास ‘धंदा बदल’ असें सांगणें सोपें असलें, तरी तेवढ्यानें भागत नाहीं. आमच्या पांढरपेशा घरांत नोकरी सुटलेल्या मुलास महिन्याभरांत टोमणे ऐकावे लागतात, आणि तो त्रासून समोर दिसेल त्या पहिल्या दारांत शिरतो. जुन्या कामांतलें काय नव्या कामांत बरोबर नेतां येईल, याची मोजदाद करण्यास वेळ लागतो. तेवढी मुदत घरानें द्यावी; नव्या शिक्षणाची व तोंवरच्या निर्वाहाची सोय समाजानें आणि सरकारनें पाहावी. बदलापुरास उतरलेल्या स्वारास कोणी आळशी म्हटलें असेल, असें आम्हांस वाटत नाहीं. तो पुढें जाण्यासाठींच थांबलेला असे. खरवईच्या फाटकापाशीं उभ्या असलेल्या माणसाकडेहि आम्हीं त्याच दृष्टीनें पाहिलें पाहिजे.