निळ्या-हिरव्या पुवाची बखर

धनत्रयोदशीला धन्वंतरीची पूजा करून कडुनिंबाची पाने नि साखर प्रसाद म्हणून वाटण्याची वैद्यांची रीत आहे. तेव्हा दिवाळीच्या फराळासोबत थोडी औषधांची कथा वाढली, तर वाचकांनी रागावू नये. शिवाय जिच्यात या कथेतला जंतू शिरू पाहतो ती भाजल्याची जखम. आणि फटाक्यांच्या दिवसांत तिची धास्ती कोणत्या आईला नसते?

भैरवनाथाच्या आमच्या सोनारीत मास्तराला टपालापासून तपासणीच्या कागदापर्यंत सारे वाचून दाखवावे लागते. अशाच एका कागदावर मला ‘स्यूडोमोनास’ हे नाव भेटले. मधुमेह असलेल्या एका गृहस्थांच्या पायाची जखम चिघळली होती. तिचा पू बार्शीस तपासला होता. कागदावर औषधांची लांबलचक यादी आणि प्रत्येकापुढे ‘एस’ किंवा ‘आर’ हे अक्षर. ‘एस’ म्हणजे जंतू त्या औषधाला नमतो, ‘आर’ म्हणजे जुमानीत नाही. गृहस्थांचा प्रश्न एकच होता, “गुरुजी, यातलं भारी कोणतं?” प्रश्न साधा, पण त्याचे उत्तर शोधताना मला दीडशे वर्षांचा इतिहास चाळावा लागला.

जखमेच्या पट्ट्या कधी कधी निळ्या-हिरव्या का होतात, याचा छडा 1882 साली कार्ल गेसार या फ्रेंच शास्त्रज्ञाने लावला आणि हा जंतू वेगळा काढून दाखवला. स्वारी पाण्याची भोक्ती. नळाची तोटी, मोरी, ओली पट्टी, जेथे ओल तेथे हिचा मुक्काम. धडधाकट माणसाच्या वाटेस ती सहसा जात नाही. भाजलेला, मधुमेही, इस्पितळात नळ्या लावून निजलेला, असा दुबळा गडी हेरते.

पुढे 1928 मध्ये फ्लेमिंगला पेनिसिलिन सापडले. आपल्याकडे 1954 साली पुण्याजवळ पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि 1955 पासून तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांचे त्याला साहाय्य होते. ज्या औषधाने असंख्य प्राण वाचवले, त्याला हा हिरवा जंतू मात्र हसत राहिला. त्याच्या अंगावरचे बाहेरचे कवच औषधाला सहज आत घेत नाही; शिरलेच तर आतले पंप त्याला बाहेर फेकतात.

त्याच्यावर चालणारे कोलिस्टिन 1949 साली जपानात मातीतल्या एका जंतूपासून मिळाले. चाले उत्तम, पण मूत्रपिंडास इजा करी. 1963 मध्ये जेंटामायसिनचा शोध जाहीर झाला. तेही गुणी, मात्र मूत्रपिंड आणि कान दोन्ही सांभाळावे लागत. 1967 च्या सुमारास कार्बेनिसिलिन आले. पेनिसिलिनच्या घराण्यातले या जंतूला नमवणारे हे पहिले. पण दिवसाला वीस-तीस ग्रॅम शिरेतून द्यावे लागे. 1980 नंतरच्या दशकात सेफ्टाझिडिम, इमिपेनेम आणि सिप्रोफ्लॉक्सासिन आली. यांतले शेवटचे गोळीच्या रूपात घेता येते, हे त्याचे मोठे वैशिष्ट्य. या जंतूवर तोंडाने घेण्याजोगी औषधे आजही फारच थोडी आहेत.

आता ‘भारी’चा हिशेब पाहा. सेफ्टाझिडिम आणि सेफ्ट्रायॅक्सोन एकाच कुळातली. पहिले चालते, दुसरे नाही. मेरोपेनेम चालते, त्याचेच भावंड एर्टापेनेम चालत नाही. गावच्या दुकानात सर्रास मिळणारी अमॉक्सिसिलिन आणि सेफिक्झिम या जंतूच्या केसालाही धक्का लावीत नाहीत. म्हणजे किमतीवरून किंवा नावाच्या लांबीवरून भारीपणा ठरत नाही. माझ्या गृहस्थांना मी तेच सांगितले: ज्याच्यापुढे ‘एस’ आहे अशांपैकी, तुमचे मूत्रपिंड, वय आणि जखमेची जागा पाहून डॉक्टर निवडतील ते तुमच्यापुरते भारी.

ही निवड दिवसेंदिवस अवघड होत आहे. शेतात एकच तणनाशक वर्षानुवर्षे मारले की कोवळे तण जळते आणि चिवट तेवढे माजते. गरज नसता घेतलेली औषधे जंतूंच्या बाबतीत हेच करतात. पुष्कळ औषधे निकामी ठरू लागली, तेव्हा बाजूला सारलेले कोलिस्टिन शेवटचा उपाय म्हणून पुन्हा हाती घ्यावे लागले. ते वाचवण्यासाठीच 2019 साली आपल्या सरकारने कोंबड्या व जनावरांसाठी त्याचा वापर बंद केला. माणसांच्या औषधांसाठी 2014 पासून ‘एच-1’ हे परिशिष्ट लागू आहे. त्यातली औषधे चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत आणि दुकानदाराला रोगी व डॉक्टर यांची नावे वेगळ्या वहीत लिहून ठेवावी लागतात.

कायद्याची वही दुकानात राहते. घरचे काम आपल्याकडे. भाजले तर जखमेवर वाहते गार पाणी सोडावे. शाई, टूथपेस्ट लावू नये. जखम चिघळली तर मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या डब्यातून शोधू नयेत. डॉक्टरांकडे जावे आणि औषध सुरू करण्यापूर्वी पू तपासणीस देता येईल का, एवढे विचारावे. दोन-तीन दिवसांत तो कागद येतो. तो नीट जपून ठेवावा.