लायनर : शिंप्याच्या घराण्यातला

अमेरिकेच्या उपनगरांत घरामागच्या अंगणात पोहण्यासाठी गोल तलाव उभा केलेला दिसतो. जमिनीवर पत्र्याची चार फुटी भिंत आणि आत निळे विनाइल, एवढाच त्याचा थाट. त्या विनाइलला लायनर म्हणतात आणि काही उन्हाळे गेले की तो बदलावा लागतो. पाणी अडवणारी वस्तू म्हटली की तिची कुळी आपण गवंड्याच्या घरी शोधतो : चुना, गिलावा, सिमेंट. इथे तो पत्ता चुकतो. लायनर शिंप्याच्या घराण्यातला आहे. त्याचे नावच तसे सांगते. इंग्रजीतला हा शब्द जवसाच्या धाग्यापासून विणलेल्या लिनन कापडावरून आला. अंगरख्याला आतून लिनन लावणे हा त्यामागच्या ‘लाइन’ या क्रियापदाचा मूळ अर्थ. आपला ‘अस्तर’ फारसीतून आला, तोही कपड्याच्या आतल्या बाजूसाठीच. नावावरून कुळ ठरत नाही हे खरे. पण इथे वस्तूची घडणही नावाला दुजोरा देते.

यावर पहिला आक्षेप मोहेंजोदडोचा येईल. तिथल्या सुमारे 12 मीटर लांब आणि 7 मीटर रुंद महास्नानगृहाला विटांच्या मागे डांबराचा थर होता. म्हणजे पाणी अडवायला वेगळा थर हवा, हे साडेचार हजार वर्षांपूर्वीच कळले होते. मान्य. पण तो थर विटांच्या मध्ये चिणलेला होता. काढायचा तर भिंतच फोडावी लागली असती. इंग्लंडमध्ये जेम्स ब्रिंडली याने 1761 मध्ये खुल्या झालेल्या ब्रिजवॉटर कालव्यासाठी पाण्यात मळून तुडवलेली चिकणमाती वापरली. ती मातीही जमिनीशी एकजीव झाली. गवंड्याची सगळी अक्कल थर भिंतीला घट्ट चिकटवण्यात असते. लायनर भिंतीला चिकटवलेला नसतो. काठावर अडकवून तो आत सोडलेला असतो आणि पाण्याच्या वजनानेच भिंतीला टेकतो, कोटाच्या आतले अस्तर अंगाला टेकावे तसा.

भिंत आणि लायनर यांच्यातली कामाची ही वाटणी किती पक्की आहे ते आकड्यांत दिसते. 24 फूट व्यासाच्या तलावात सुमारे 50 टन पाणी मावते. त्याचा बाहेर ढकलणारा जोर गोल पत्रा ताण घेऊन सोसतो, पण पत्र्याला थेंबही अडवता येत नाही. अडवतो तो अर्धा मिलिमीटर जाडीचा लायनर. तेवढ्या जाडीच्या सगळ्या विनाइलचे वजन हिशेबाने 45 किलोच्या आसपास, आणि हे पाणी एकट्याने पेलायची वेळ आली तर ते फाटेल. एकाने भार घ्यायचा, दुसऱ्याने ओल अडवायची. गिलाव्याच्या हौदाला ही फारकत जमलेली नाही. तिथे भिंतीला तडा गेला की गिलाव्यालाही जातो.

या विनाइलची, म्हणजे पीव्हीसीची, जन्मकथाही कापडाच्याच गल्लीतली. 1926 मध्ये ओहायोतल्या अॅक्रन येथे गुडरिच कंपनीत वॉल्डो सेमन हा रसायनशास्त्रज्ञ रबर धातूला चिकटवणारे द्रव्य शोधत होता. तोवर फारशी किंमत नसलेले ठिसूळ पीव्हीसी त्याने उशिरा उकळणाऱ्या द्रावकात तापवले आणि हाती लवचीक, रबरासारखा पदार्थ आला. चिकटवायला तो निरुपयोगीच ठरला (लायनरच्या पूर्वजाला हे शोभते). बाजारात तो आला तो रेनकोट, छत्र्या आणि न्हाणीघराचे पडदे होऊन. दुसऱ्या महायुद्धानंतर अंगणातल्या तलावांत तो शिरला तेव्हाही बेतून कापलेले तुकडे कडेला कडा जोडूनच त्याचा ‘झगा’ तयार होई. शिलाईच्या जागी उष्णतेची जोडणी आली, एवढाच फरक.

मग दुसरा आक्षेप : शिंप्याचे वस्त्र म्हटले तर ठिगळ का लावत नाही? लावतात की. भोक पडले तर पाण्याखालीही चिकटणारे विनाइलचे ठिगळ मिळते. पण लायनर सहसा भोकाने मरत नाही. त्याला मऊ ठेवणारे द्रव्य उन्हाने आणि क्लोरीनने हळूहळू निघून जाते, पाण्याच्या रेषेवरचा पट्टा आधी ताठरतो आणि मग चिरतो. तलाव रिकामा केला तर असा जुना लायनर आकसतो आणि पुन्हा मापात बसत नाही. विटलेल्या कापडाला ठिगळ पेलत नाही, तीच गत. जुना तलाव असेल तर लायनर बदलताना आणखी एक गोष्ट साधते : इतकी वर्षे झाकलेला पत्रा पहिल्यांदा उघडा पडतो. तळाशी गंज आरपार गेला असेल तर नवे अस्तर घालणे हा मूर्खपणा. कोटच गेलेला असतो.

महाराष्ट्रात याचा भाऊबंद शेततळ्यात भेटतो. सरकारी कागदावर त्याला ‘अस्तरीकरण’ म्हणतात आणि जाडी सांगतात 500 मायक्रॉन, म्हणजे तोच अर्धा मिलिमीटर. शेतकरी मात्र त्याला सरळ ‘कागद’ म्हणतो. मुरमात पाणी टिकत नाही, म्हणून नाशिक-सोलापूरकडच्या द्राक्ष-डाळिंबवाल्यांनी तो अंथरला. प्लॅस्टिकची जात वेगळी आहे, पण भार मातीचा आणि ओल कागदाची, ही वाटणी तीच.

अंगणातल्या तलावात नवा लायनर घालण्याची रीत तर थेट बेतण्याचीच. तळाची वाळू खडा न ठेवता सारखी करतात, भिंतीच्या पायाशी उतरता काठ देतात आणि ऊन असलेला दिवस निवडतात, कारण गरम विनाइल ताणले जाते. लायनर आणि भिंत यांतली हवा व्हॅक्यूम क्लीनरने ओढून सुरकुत्या काढतात. पाणी सोडतात, पण गाळणीच्या तोंडाला भोक लगेच पाडत नाहीत. पाणी त्या तोंडाच्या थोडे खाली येईपर्यंत थांबतात, म्हणजे ताण बसून लायनर आपल्या जागी आलेला असतो. कात्री चालते ती त्यानंतरच.