सात आजोबांचा, बारा आजीचा

१ एप्रिल १९५७, कृषक दिन. कूळकायद्याने जमीन कसणाऱ्याची झाली. जयगडला आमच्याकडे कसत होती आजी. कूळ म्हणून नाव लागलं आजोबांचं. ते गिरणगावात. गणपती-शिमग्याला बोटीने यायचे, एरवी मनिऑर्डर. भाजावळ, लावणी, कापणी, झोडणी सगळं तिच्याकडे. नांगराला तेवढा गडी. (सॉफ्टवेअरमध्ये याला आम्ही सरळ चुकीची नोंद म्हणतो.)

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. मनिऑर्डर थांबली, आणि मुंबईतली माणसं तिच्या नाचणीवर जगायला गावी आली.

आजोबा गेल्यावर तिचं नाव सातबाऱ्यावर चढलं, तेही वारस म्हणून, मुलामुलींच्या रांगेत. तेव्हा ती सत्तरीपुढे होती. त्या पावसातही लावणीला उतरली.